तिसरी मुरा



या अंकाबरोबर तुम्हांला वार्षिक सभेची नोटीस मिळाली असेल. नोटीस पूर्ण वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. जेवण आहे की नुसता चहा, तेवढं पाहून आपण ती फ्रिजवर चिकटवून टाकतो. या खेपेला मात्र मुद्दा क्रमांक ४ वाचा. रविवारच्या मराठी शाळेसाठी आपण जो हॉल भाड्याने घेतो, तो पुढच्या वर्षापासून घेऊ नये, शाळा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये भरवावी आणि वाचलेले पैसे दिवाळीच्या कार्यक्रमात घालावेत, असा ठराव आहे. ठराव मांडणारे आपलेच लोक आहेत, मंडळासाठी राबणारे आहेत. हिशोबानेही त्यांचं काही चुकत नाही. दिवाळीला चारशे पानं उठतात, शाळेला मुलं येतात अकरा.

त्या मुद्द्यावर दोन शब्द लिहायला बसले आणि सारखा डोळ्यांपुढे येऊ लागला तो एक फुटबॉलचा क्लब. तेव्हा आज आधी त्याची गोष्ट सांगते. मग सभेत काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्या घरात हे पडले क्रिकेटवाले, आणि मुलाचा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जाण्याचा. माझं सगळं ज्ञान शेजारच्या आजोबांकडून आलेलं. त्यांचं नाव इथे छापलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून आपले आजोबाच म्हणते. इथल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात त्यांची सारी उमर गेली, त्यांच्या वडिलांचीही गेली. वडील १९२० च्या सुमारास स्लोव्हेनियातल्या प्रेकमुर्ये नावाच्या भागातून आले. त्या काळी तिथली इतकी माणसं इथे पोलादाच्या कामाला आली की त्यांची इथे एक वस्तीच झाली. त्यांना इथे ‘विंडिश’ म्हणत. आजही आपलं बेथलेहेम आणि प्रेकमुर्येतलं मुख्य गाव मुर्स्का सोबोता ही जोडशहरं आहेत.

२०१७ च्या ऑक्टोबरात त्यांचं चुकून आमच्याकडे आलेलं टपाल द्यायला गेले होते. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर होतं, अंत्यविधी करणाऱ्या एका कंपनीने फुकट वाटलेलं. (असली कॅलेंडरं इथे म्हातारी माणसं निवांतपणे भिंतीला लावतात. मला अजून सवय झालेली नाही.) त्यावर शनिवार-रविवारच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक आकडे. आपण कालनिर्णयावर दुधाचा हिशोब लिहायचो ना, अगदी तसे. काही आकड्यांपुढे ‘दोमा’ असं लिहिलेलं. मी विचारलं. ‘दोमा’ म्हणजे घरी, म्हणजे स्वतःच्या मैदानावर. आणि आकडे होते मुरा क्लबच्या सामन्यांचे. स्लोव्हेनियाच्या दुसऱ्या लीगमधले! नातू कॉम्प्युटरवर निकाल काढून द्यायचा आणि आजोबा टिपून ठेवायचे.

मला हसू आलं. पहिली लीगसुद्धा नव्हे, दुसरी! आणि देश केवढा, तर अख्खी वस्ती एकवीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नागपूर शहराहून कमी. मुर्स्का सोबोता गाव तर अकरा-बारा हजारांचं. आजोबा शांतपणे म्हणाले, “ही तिसरी मुरा आहे. पहिल्या दोन मेल्या.”

आणि मग कॉफीबरोबर गिबानित्सा आली. प्रेकमुर्येची ही खासियत : खसखस, चक्क्यासारखं ताजं चीज, अक्रोड आणि सफरचंद यांचे थरावर थर. ती खाता खाता मी पुढची हकीकत ऐकली. पुष्कळशी नंतर स्वतः शोधून वाचली, कारण तोवर मलाही नाद लागला होता.

पहिली मुरा १९२४ ची. मुरा हे नदीचं नाव. प्रेकमुर्ये म्हणजे मुरेपलीकडचा मुलूख. १९१९ पर्यंत हा भाग हंगेरीच्या ताब्यात होता, पण बोली स्लोव्हेन, आणि तीही नदीअलीकडच्यांना चटकन न समजणारी. १७७१ सालीच तिच्यात बायबलचा नवा करार छापून आला होता. नदीपलीकडचे म्हणून राजधानीवाल्यांनी थोडं दूर ठेवलेले, आपली भाषा जपणारे असे हे लोक. त्यांनी देशात सामील झाल्यावर पाच वर्षांत फुटबॉल क्लब काढला. स्लोव्हेनिया १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून वेगळा झाला आणि त्याची स्वतःची लीग सुरू झाली. १९९५ मध्ये मुराने देशाचा कप जिंकला. पुढे कर्ज वाढत गेलं आणि २००५ मध्ये क्लब बंद पडला. एक्क्याऐंशी वर्षांचा क्लब!

त्याच वर्षी दुसरी मुरा उभी राहिली, ‘मुरा ०५’ नावाची. खालच्या लीगमधून ती वर चढत होती, तोवर गावावर वेगळंच संकट आलं. मुरा याच नावाची तिथे कपड्यांची मोठी गिरणी होती. सूट शिवायची, हजारो घरं तिच्यावर चालायची. २००९ च्या ऑक्टोबरात तिचं दिवाळं वाजलं आणि अडीच हजारांवर कामगार घरी बसले. त्यांत बहुतेक बायका. गिरणगावात वाढलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. आजोबांनाही सांगावा लागला नाही. बेथलेहेमच्या भट्ट्या १९९५ मध्ये विझल्या, २००१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. आज त्या जागेवर एका बाजूला कसिनो आहे आणि दुसऱ्या बाजूला थंड भट्ट्यांच्या पायथ्याशी गाण्यांचे जलसे होतात.

तर दुसरी मुरा. २०१०-११ च्या हंगामात दुसऱ्या लीगमध्ये पहिला आला आलुमिनी नावाचा क्लब. आलुमिनी म्हणजे ॲल्युमिनियम, कारखान्याच्या गावचा संघ. पहिल्या नंबराला वरच्या लीगमध्ये बढती. पण आलुमिनीने सांगितलं, नको! तो परवडणारा खर्च नव्हता. हे ऐकून मी थक्क झाले. आपल्याकडे मुलगा पहिला आला आणि म्हणाला की मी आहे त्याच वर्गात बसतो, तर काय होईल! (असं तिथे पुन्हाही झालं आहे. २०१४ मध्ये दोब नावाच्या छोट्या क्लबने दुसरी लीग जिंकून बढती नाकारली.) आलुमिनीची जागा मिळाली दुसऱ्या आलेल्या मुरेला. मुरा वर गेली, तिथेही चमकली आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये युरोपातल्या स्पर्धेत रोमच्या लाझिओशी खेळली. गावात केवढा आनंद असेल, कल्पना करा. आणि २०१३ मध्ये पैशांअभावी लीगचं लायसन्सच मिळालं नाही. दुसरी मुराही संपली.

लाझिओच्या सामन्यानंतर वर्षसुद्धा धड गेलं नव्हतं.

आता गोष्टीतला मुख्य भाग. आजोबांच्या तिसऱ्या मुरेचं पूर्ण नाव ‘एन. श. मुरा’. मी समजत होते की ते आपल्या ‘क्रीडा मंडळ’सारखं काहीतरी असणार. तसं नाही. एन. श. म्हणजे नोगोमेत्ना शोला. नोगा म्हणजे पाय, नोगोमेत म्हणजे फुटबॉल आणि शोला म्हणजे शाळा. फुटबॉलची शाळा! मोठ्यांचा क्लब शेवटचे आचके देत असताना, २०१२ मध्ये, पोरांची ही शाळा वेगळी नोंदवली गेली होती. २०१३ मध्ये मोठा क्लब बुडाला तेव्हा गावात उरली ती पोरं आणि त्यांची शाळा. त्या शाळेनेच मग मोठ्यांचा संघ मैदानात उतरवला. आज ती देशातल्या मोठ्या क्लबांत गणली जाते, तरी नावातली शाळा तिने काढलेली नाही.

अर्थात सुरुवात तळापासून. तिथली उतरंड अशी : सर्वांत वर दहा संघांची पहिली लीग. खाली दुसरी, तिच्यात अलीकडे सोळा संघ असतात. तिच्याखाली तिसरी, दिशांप्रमाणे गट पाडलेली. आणि त्याहीखाली नऊ प्रादेशिक संघटनांच्या लीग. त्या नऊपैकी दोन एकट्या प्रेकमुर्येत आहेत, इतकं वेड! तिथे आजूबाजूच्या खेड्यांशी सामने. ज्या नावाने लाझिओशी खेळायचं, त्याच नावाने पुढच्या वर्षी शेजारच्या खेड्याच्या मैदानावर जायचं. आपल्यातला कुणी असता तर म्हणाला असता, लोक काय म्हणतील! मुरेची माणसं गेली. काळे-पांढरे पट्टे तेच, नदीचं नाव तेच, आणि पाठीराखे तेच. २०१६-१७ मध्ये तिसऱ्या लीगच्या पूर्व गटात संघ पहिला आला.

आणि मग तो २०१७-१८ चा हंगाम, आजोबांच्या कॅलेंडरवरचा. तिथला हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतो. डिसेंबरात बर्फ पडलं की खेळ थांबतो आणि मार्चच्या सुमारास परत सुरू होऊन मे-जूनपर्यंत चालतो. त्याला ते शरदाचा भाग आणि वसंताचा भाग म्हणतात. आजोबांचं कॅलेंडर म्हणूनच जानेवारीत कोरं असायचं. “काय आजोबा, सुट्टी?” असं विचारलं की म्हणायचे, “जमीन झोपली आहे.”

त्या खालच्या लीगमधल्या क्लबांची नावं मला फार आवडायला लागली. नावावरूनच गावाचा धंदा कळावा अशी. आलुमिनी तर झालाच. रुदार म्हणजे खाणकामगार, नाफ्ता म्हणजे तेल, फुझिनार म्हणजे लोखंडाच्या भट्टीवरचा कामगार. भट्टीवाल्यांच्या क्लबविषयी आजोबांचा जीव विशेष, हे सांगायला नकोच. या लीगमध्ये एकीकडे हंगेरीच्या सीमेवरचं लेंदावा आणि दुसरीकडे समुद्राजवळचं देकानी. पण देशच एवढासा की या टोकाहून त्या टोकाला मोटारीने तीन तास. खेळाडू सामना खेळून रात्री घरी येऊन जेवत असतील.

त्या वर्षी मुरेचे प्रशिक्षक होते आंते शिमुंजा. गृहस्थ मूळचे मारिबोरचे. २०१४ मध्ये त्यांच्याच हाताखाली मारिबोर क्लब युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला होता. असा माणूस दुसऱ्या लीगमध्ये येऊन उभा राहिला. मी आजोबांना विचारलं, “त्यांना कमीपणा नाही वाटला?” आजोबांना प्रश्नच कळला नाही. मी तो पुन्हा विचारला, तेव्हा म्हणाले, “मैदान तेवढंच असतं ना?”

वसंताच्या भागात कॅलेंडरवरचे आकडे दाट झाले. एकदा मी त्यांच्याकडे गेले तर मे महिन्याच्या पानावर त्यांनी तांबड्या पेन्सिलीने मोठं वर्तुळ काढलं होतं. मुरा दुसऱ्या लीगमध्ये पहिली आली होती, म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा पहिल्या लीगमध्ये. त्या दिवशी त्यांनी मला वडिलांच्या गावठाणातल्या घराचा फोटो दाखवला. इतकी वर्षं शेजारी राहून कधी दाखवला नव्हता.

मी म्हटलं, “पण आजोबा, हा तोच क्लब म्हणायचा का?” हा प्रश्न मला खरंच पडला होता, आणि तो एकट्या मुरेचा नाही. राजधानीचा ऑलिम्पिया क्लब तसाच २००५ मध्ये कर्जात बुडाला. त्याच्या माणसांनी बेझीग्राड या नावाने पाचव्या पायरीवरून नवा क्लब काढला, चार वर्षांत चार पायऱ्या चढला, जुनं नाव परत घेतलं आणि २०१६ मध्ये पहिली लीग जिंकली. पण फुटबॉल संघटनेच्या दप्तरात जुन्या ऑलिम्पियाची १९९२ ते १९९५ ची चार विजेतेपदं नव्याच्या खात्यावर नाहीत. कायद्याने ते दोन क्लब. समुद्रकाठच्या कोपेर क्लबला २०१७ मध्ये लायसन्स नाकारलं. मुरा दुसऱ्या लीगमध्ये खेळत होती त्याच हंगामात कोपेर चौथ्या पायरीवर होता, आणि २०२० मध्ये परत वर आला. या खालच्या लीगमध्ये निम्मे तरी असे पुनर्जन्मवाले भेटतील!

मुरेचंही दप्तरात तेच. १९९५ चा कप पहिल्या मुरेचा, तिसरीचा नव्हे. आजोबा म्हणाले, “दप्तर वारसांना कर्ज विचारायला येतं, तेव्हा वेगळे असलेले बरे. मैदानावर कुणी येऊन विचारत नाही.”

पुढचं थोडक्यात सांगते. २०२० मध्ये मुराने देशाचा कप जिंकला. अंतिम सामन्यात समोर होता लेंदाव्याचा नाफ्ता, तोही जुना बुडाल्यावर नव्याने काढलेला आणि तेव्हा दुसऱ्या लीगमध्ये खेळणारा. प्रेकमुर्येतलेच दोघे! २०२१ च्या मे महिन्यात शेवटच्या सामन्यात मुराने मारिबोरला मारिबोरमध्ये जाऊन ३-१ ने हरवलं आणि पहिली लीगच जिंकली. पहिल्या मुरेला जे कधी जमलं नव्हतं ते.

आणि मग २५ नोव्हेंबर २०२१. तो नेमका आपला थँक्सगिव्हिंगचा दिवस होता. युरोपातल्या स्पर्धेत मुरेपुढे लंडनचा टॉटनहॅम. सप्टेंबरात लंडनला मुरा ५-१ अशी आपटली होती, गटातले चारही सामने हरली होती. गावचं मैदान युरोपच्या नियमांत बसत नव्हतं, म्हणून घरचा सामनासुद्धा मारिबोरमध्ये. आमच्या ओव्हनमध्ये टर्की होती (शाकाहारी पाहुण्यांसाठी उंधियू), आणि भर दुपारी शेजारून एवढी मोठी आरोळी आली की हे हातातली सुरी टाकून धावले. आम्हांला वाटलं, म्हातारा पडला. जाऊन पाहतो तर आजोबा उभे, नातू खुर्चीवर चढलेला. जादा वेळात गोल झाला होता. मुरा २, टॉटनहॅम १.

मंडळी, इथे मी गोष्ट संपवली तर ती फार गोड होईल, आणि खरी राहणार नाही. शाळा काढली की आपोआप टॉटनहॅम हरतो असं नाही. पैसे लागले, चांगला प्रशिक्षक लागला, बाहेरचे खेळाडू लागले, आणि पाच वर्षं खालच्या मैदानांवर चिखल तुडवावा लागला. पण एक गोष्ट मात्र मला पक्की कळली. दोन वेळा क्लब बुडाला तो वरून. तिसऱ्यांदा उभा राहिला तो खालून, कारण खाली पोरं होती.

आपला दिवाळीचा कार्यक्रम मला आवडतो. यंदाही मी नथ घालून पहिल्या रांगेत बसणार आहे. पण ती आपली लाझिओची रात्र आहे. एका संध्याकाळचा आनंद, हॉल भरलेला, आणि दुसऱ्या दिवशी ट्रेझररच्या कपाळावर आठ्या. मंडळावर उद्या वाईट दिवस आले, कमिटीला माणसं मिळाली नाहीत, (आणि गेल्या दोन वर्षांत सेक्रेटरी शोधताना काय झालं ते तुम्हांला माहीत आहे,) तर पुन्हा उभं कोण करणार? ते चारशे लोक नाहीत. कदाचित त्या अकरांतले दोघं-तिघं. त्यांना ‘ळ’ म्हणता येत असेल, एवढंच भांडवल.

बेसमेंटमध्ये शाळा चालणार नाही असं नाही. आपल्यातल्या बऱ्याच गोष्टी बेसमेंटमध्येच सुरू झाल्या. पण कुणाच्या घरी असली की शाळा त्या घराच्या सोयीवर चालते. त्यांच्याकडे पाहुणे आले, सुट्टी. त्यांनी घर विकलं, शाळा बंद. मुरेची शाळा टिकली कारण ती कुणाच्या घरची नव्हती. तिची वेगळी नोंद होती, स्वतःचं नाव होतं. आपल्या शाळेला तेवढं तरी द्यावं असं मला वाटतं. हॉलचं भाडं फार होत असेल तर अर्ध्या वेळेचं घेऊ, दिवाळीचा एक पदार्थ कमी करू. मी माझ्याकडून श्रीखंड सोडायला तयार आहे. यापेक्षा मोठा त्याग मला सुचत नाही.

आजोबा आता नव्वदीकडे झुकलेत. रविवारी मी शाळेतून परतते तेव्हा बहुधा व्हरांड्यात बसलेले असतात. आपल्या गणपतीविषयी, दिवाळीविषयी ते कधी विचारत नाहीत. त्यांचा एकच प्रश्न असतो, “आज किती आले?” गेल्या रविवारी नऊ होते. दोघांना ताप होता. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “नऊ? संघाला दोन कमी.”

सभेला या. मुद्दा चौथा आहे, जेवणाच्या आधी येतो.